बुधरीचे पाहुणे

फोन आला तेव्हा माझ्या डोळ्याला भिंग होतं आणि समोर एका मास्तरांचं घड्याळ पाठ उघडी टाकून पडलं होतं. आमच्या धंद्यात उघडं घड्याळ सोडून उठत नाहीत, आत धूळ बसते. त्यामुळे "रशीदमामा, मावशी गेली" हे प्रज्ञाचं बोलणं ऐकल्यावरही मी आधी झाकण बसवलं, दाबून पाहिलं, काच पुसली, आणि मग आपण उठणार होतो ते कशासाठी हेच मला आठवेना... मावशी म्हणजे शालूबाई. प्रज्ञा त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बाईंनी लग्न केलं नाही. नोकरी संपल्यावर त्या वरोऱ्यात प्रज्ञाकडेच राहत. सकाळी चहा झाला, पेपर आला का म्हणून विचारलं, आणि पेपर हातात द्यायला प्रज्ञा गेली तोवर सगळं आटोपलं होतं. पंधराच दिवसांपूर्वी त्या माझ्या दुकानात येऊन गेल्या होत्या. भिंतीवरची घड्याळं बघून म्हणाल्या, "रशीदभाऊ, एवढ्या घड्याळांत एकबी बरोबर टाइम दाखवत नाई. तुमी घड्याळजी हाये का कबाडी?" मी म्हटलं, बाई, दुरुस्तीला आलेली घड्याळं बरोबर चालली असती तर मी काय खाल्लं असतं? त्या खूप हसल्या. आमची शेवटची भेट ही अशी, थट्टेत गेली.

याला आता सहा आठवडे होतील. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडप कमी पडला. भामरागडकडून, एटापल्लीकडून त्यांचे जुने विद्यार्थी आले होते. कोणी शिक्षक, कोणी वनरक्षक, एक मुलगी तर दवाखान्यात नर्स. बाईंनी गणिताची भीती कशी घालवली, बाई किती कडक होत्या, बाईंचा आवाज कसा नदीपल्याड जायचा, हे सगळ्यांनी सांगितलं. मीही दोन शब्द बोललो आणि खाली बसल्यावर मला माझाच राग आला, कारण सांगायचं तेच राहून गेलं होतं. या बाईने भामरागडच्या एका आश्रमशाळेत बसून संगणकाचे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. हौसेने लिहिले, स्वतःच्या सोयीसाठी लिहिले, आणि ज्याने मागितले त्याला त्यातल्या एकूण एक ओळीसकट देऊन टाकले. तेही त्या शाळेत संगणक नसताना! ही गोष्ट मला छाती फुगवून सांगायची आहे. तिच्यात माझी एक चूक आहे, तीही सांगावी लागेल.

आमची ओळख नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीच्या सुट्टीतली. चंद्रपूरच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून मी जुना संगणक उचलून आणला होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. दुकानात घड्याळं, रेडिओ, टेप आणि मधोमध हे धूड. अब्बा रोज विचारायचे, "ये हाथी काहे को बांध के रखा है?" मला तरी कुठे ठाऊक होतं! अशात एक दिवस शालूबाई दोनशे पानी वही घेऊन आल्या. "तुमच्याकडे कम्प्युटर हाये म्हणे. मले हे त्याच्यात टाइप करून पाहाचं हाये." वही उघडली तर पानामागून पान बेसिक भाषेतले प्रोग्रॅम, निळ्या शाईत, फळ्यावर लिहावं तसे सुवाच्य. बेसिक ही त्या काळची शिकाऊ लोकांची संगणकभाषा. ओळीला नंबर द्यायचा आणि यंत्राला एकेक हुकूम सोडायचा. नागपूरच्या रद्दीवाल्याकडून घेतलेल्या पुस्तकावरून बाई ती शिकल्या होत्या. मी विचारलं, मग हे आजवर चालवून कुठे पाहिलं? "पोट्ट्याईवर," बाई म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते खरंच होतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागड चहूकडून तुटतं. वीज जाते, बस बंद, टपाल बंद. त्या दिवसांत बाई वसतिगृहाच्या पडवीत मुलांना पाट्या देऊन उभं करायच्या. एक मूल 'तांदूळ', एक 'दिवस', एक 'ताटं'. बाई वहीतली ओळ वाचणार, की ज्याचं काम आलं तो पाटी पुसून नवा आकडा लिहिणार. एक जण नुसते ओळींचे नंबर सांभाळायचा, आणि 'परत वीसवर जा' असं आलं की सगळी पडवी ओरडायची, "परत वीस!" ज्या मुलांनी संगणक पाहिला नव्हता ती मुलं संगणक होऊन उभी राहायची. घरी माडिया बोलणारी, मराठी शाळेत येऊन शिकलेली मुलं. पावसाळाभर असे प्रोग्रॅम तपासायचे, दुरुस्त करायचे, आणि दिवाळीला वही घेऊन वरोऱ्याला यायचं, असा बाईंचा शिरस्ता होता. त्या स्वतः टाइप करायच्या आणि मी शेजारी स्टुलावर बसून चहा सांगायचो. हळूहळू मलाही ती भाषा कळायला लागली, आणि अब्बांचा हत्ती कामाला लागला.

कसले प्रोग्रॅम? एकाचं नाव 'झाडू'. आज पडवी कोणी झाडायची याची चिठ्ठी तो काढायचा, म्हणजे पोरांनी रुसायचं तर यंत्रावर रुसावं. एकाचं नाव 'साडी'. बाईंकडे शाळेत नेसायच्या सात साड्या होत्या आणि सोबतच्या एक शिक्षिका 'कालचीच का जी?' म्हणून टोचायच्या, तर त्यांना एक लुगडं महिन्यातून एकाच वारी कधी दोनदा दिसू नये असा हिशोब त्यांनी यंत्राला लावून दिला होता. मी पोट धरून हसलो होतो. आणि एक होता 'शिधा'. कोठीत तांदूळ किती, मुलं किती, हे सांगितलं की रस्ता बंद झाल्यावर तो किती दिवस पुरेल ते हा प्रोग्रॅम सांगायचा. कोठीची जबाबदारी बाईंवर होती. पाऊस लागायच्या आधी पोती कमी सांगितली तर नंतर आणायला वाट नसते. आजूबाजूला टिपण्या असायच्या. बेसिकमध्ये अशी सोय असते की एखादी ओळ यंत्र वाचत नाही, नुसती माणसाने वाचायची. बाईंच्या त्या ओळी म्हणजे मजाच. 'इथं दिन्यानं खडू खाल्ला, म्हणून ही ओळ दोनदा तपासली.'

हा 'शिधा' पहिल्यांदा यंत्रावर चालवला तेव्हा घोळ झाला. पाट्यांवर तांदूळ चाळिसाव्या दिवशी संपला होता, यंत्र म्हणायचं चव्वेचाळिसाव्या. तेच आकडे, त्याच ओळी. बाईंनी सगळा कागद तीनदा तपासला, मी यंत्राच्या तारा हलवून पाहिल्या, चूक काही सापडेना. सुट्टी संपवून त्या परत गेल्या आणि मुलांना पुन्हा पाट्या घेऊन उभं केलं, तेव्हा कळलं. 'ताटं' झालेल्या बुधरीला साठ मुलं सांगितली होती आणि तिने पाटीवर गुपचूप सहासष्ट लिहिलं होतं. पुढच्या सुट्टीत बाईंनी मला तिचं उत्तर तिच्याच ठसक्यात सांगितलं. "म्हणे, पाणी चढलं का नाल्याकाठचे लोकं शाळेतच येतेत ना बाई? त्याईले काय उपाशी ठेवाचं?" यंत्र चुकलं नव्हतं, बुधरीही चुकली नव्हती. बाईंनी प्रोग्रॅममध्ये दर दहा मुलांमागे एक ताट जास्त धरायची ओळ घातली आणि तिच्यावर टिपण लिहिलं, 'बुधरीचे पाहुणे'. बस, एवढंच लिहिलं.

मग ते कागद फिरायला लागले. बाई फ्लॉपी द्यायच्या, पण सोबत छापलेला कागद हटकून द्यायच्या. "फ्लॉपी भिजली का गेली. कागद चुलीवर धरून वाळवता येते," हे त्यांचं म्हणणं. कागदाच्या माथ्यावर मजकूर ठरलेला, 'हे मी माझ्यासाठी केलं. उपयोगी पडलं तर घ्या. पटलं नाही तर बदला. बदललं तर चिठ्ठी पाठवा.' एस.टी.च्या कंडक्टरांबरोबर हे कागद धानोऱ्याला गेले, अहेरीला गेले. जिथे संगणक नव्हता तिथे पाट्यांवर चालले. सिरोंच्याहून एक कागद परत आला तो तेलुगू बोलीत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. गडचिरोलीच्या एका औषध भांडारातल्या माणसाने तांदळाच्या जागी सलाईनच्या बाटल्या घातल्या आणि तसं कळवलं. चिठ्ठी आली की बाई मला वाचून दाखवायच्या, आणि वाचताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की बोर्डाचा निकाल लागलाय आणि सगळं वसतिगृह पास आहे. मला अजून तो चेहरा दिसतो.

मला मात्र हे देणंघेणं पटत नव्हतं. अब्बांनी मला कारागिरी शिकवली ती गिऱ्हाइकाकडे पाठ करून. "काम दिखाओ, तरकीब मत दिखाओ," हे त्यांचं पहिलं वाक्य. त्यात दोन हजार सालानंतर एक प्रकार घडला. चंद्रपूरच्या एका कम्प्युटर क्लासात मी कामाला गेलो होतो, तिथे भिंतीवर बाईंचा 'शिधा' लावलेला, माथ्यावरचा मजकूर कापून क्लासचं नाव टाकलेलं. माझं रक्त उकळलं. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चालते ना त्याईच्याकडे? मंग झालं तं." मी म्हटलं, बाई, नाव तुमचं जायला नको. त्या म्हणाल्या, "नाव कुठी जाते जी?" आणि विषय संपवला. त्यांच्यापुरता संपला, माझ्या डोक्यात तो तसाच राहिला. त्या वर्षी काही आश्रमशाळांना सरकारकडून संगणक आले होते आणि 'शिधा'ला मागणी वाढली होती. बाई शाळेत, उन्हाळी सुट्टीतही त्यांचं कसलंसं प्रशिक्षण. प्रती काढून पाठवायचं काम माझ्यावर होतं. मी काय केलं, तर ओळी झाकून टाकल्या. प्रोग्रॅम नुसता चालेल, पण उघडून वाचता येणार नाही, बदलता येणार नाही, असा बांधून टाकला. सुरू झाला की पडद्यावर बाईंचं नाव ठळक अक्षरांत. कागद पाठवायचा बंद केला. आणि बांधताना, कारागिराचा हात ना, जरा साफसफाईही केली. टिपण्या काढल्या. ताटं मोजलेल्या मुलांपेक्षा जास्त निघतात हे पाहून ती ओळही काढली. 'बुधरीचे पाहुणे' ही कहाणी मी ऐकलेली होती, पण इतक्या वर्षांनी ती मला बाईंच्या गमतीजमतींपैकी एक वाटली. घड्याळात एक दाता जास्त असला तर मी तो ठेवीन का? अशी माझी अक्कल.

त्या पावसाळ्यात पाणी उतरायला फार दिवस लागले. भामरागडच्या पलीकडे, नाल्यापल्याडच्या एका वसतिगृहाच्या अधीक्षिका मैनाबाई वर्षानुवर्षं बाईंच्या कागदावर भरवसा ठेवून पोती मागवायच्या. या वेळी त्यांनी माझ्या बंद डब्याला विचारून मागवली. पाणी चढलं, नाल्याकाठची घरं शाळेत आली, आणि तांदूळ सांगितल्यापेक्षा चार दिवस आधी संपला. गावाने घराघरातून ओंजळ ओंजळ तांदूळ गोळा करून दिला, आणि मुलं, पाहुणे, सगळेच चार दिवस पातळ पेजेवर राहिले. रस्ता सुरू झाल्यावर मैनाबाईंची चिठ्ठी शालूबाईंना मिळाली, ती घेऊन त्या रजा टाकून थेट माझ्या दुकानात आल्या. चिठ्ठी मी वाचली. 'बाई, यंदा तुमचे पाहुणे कुठी गेले? आन् कागद काऊन नाई पाठवला? कागद असता तं मी पाहून घेतलं असतं.'

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "खोलून दाखवा." मी माझ्याकडची, बांधायच्या आधी साफ केलेली फाईल उघडली. पडद्यावर बोट ठेवून त्या एकेक ओळ उतरत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

"इथची ओळ?"

"मले वाटलं चुकून राह्यली... ताटं जास्त दिसून राह्यली होती."

"मंग इचारलं काऊन नाई?"

मी म्हटलं, बाई, तुमी तिकडे, फोन लागत नाही... आणि मग खरं तेही बोलून टाकलं, की तुमचं नाव राहावं म्हणून मी हे बांधलं. "माह्या नावासाठी केलं, हे समजते मले," त्या म्हणाल्या. "पन लेकरं पेजेवर राह्यली ना, भाऊ." एवढंच. चहा मागवला होता, तो तसाच राहिला. त्या दिवशी मला स्वतःची इतकी लाज वाटली की दुकानाचं अर्धं शटर खाली ओढून मी आत बसून होतो.

दुसऱ्या दिवशी मी छपाईचा कागद आणला, बाईंचा मूळ 'शिधा' टिपण्यांसकट, दिन्याच्या खडूसकट छापला, आणि बांधलेली प्रत जिथे जिथे गेली होती तिथे तिथे स्वतः घेऊन गेलो. बाईंनी जा म्हटलं नव्हतं, नका जाऊ असंही म्हटलं नव्हतं. वरोरा, चंद्रपूर, आलापल्ली, भामरागड, आणि तिथून पुढे कुणाच्या सायकलवर, कुठे पायी. प्रत्येक ठिकाणी सांगायचं, माझी चूक झाली, ती फ्लॉपी परत द्या, हा कागद घ्या. मैनाबाईंकडे पोचलो तेव्हा दुपारची पंगत बसत होती. मी उंबऱ्यातच उभा राहून सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी ऐकलं, कागद घेतला, ती ओळ शोधून बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "बसा जी. तुमचं ताट धरून हाये." मी पन्नाशीला आलेला माणूस, त्या पोरांच्या ओळीत भात कालवताना मला हुंदका आवरेना. समोरची पोरं एकमेकांना कोपरं मारून हसत होती.

बाई त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर दिवाळीला येत राहिल्या. नवी वही, नव्या गमती, तोच चहा. पुढे त्यांनी स्वतःचा संगणक घेतला आणि माझ्या दुकानात नुसत्या गप्पांना यायला लागल्या. पण त्या कुलपाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मीही काढला नाही. त्यांनी मला माफ केलं की फक्त सोडून दिलं, हे मला कधी कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. पंधरा दिवसांपूर्वी... म्हणजे त्या जायच्या पंधरा दिवस आधी, त्या समोर हसत बसल्या होत्या तेव्हाही ते ओठावर आलं होतं आणि मी गिळलं.

मागच्या रविवारी प्रज्ञाने बोलावलं. मावशीच्या संगणकातलं सगळं एका सीडीवर काढून द्या म्हणाली; ज्यांनी मागितलं त्यांना द्यायचं आहे. बाईंची खोली आवरलेली होती. टेबलाला खुर्ची लावलेली, संगणकावर त्यांनी स्वतः शिवलेली सुती खोळ. खोळ काढली, संगणक सुरू केला, 'शिधा'ची फाईल उघडली. माझ्याकडे होती त्यापेक्षा ही बरीच लांब झाली होती. खाली, प्रोग्रॅम संपल्यानंतर, यंत्र न वाचणाऱ्या ओळींची मोठी यादी होती. कोणी काय बदललं त्याची. धानोऱ्याच्या कोण्या शिपायाने डाळ जोडली. अहेरीच्या मुलींनी अंडी जोडली. कोण्या गुरुजींनी एक चूक दाखवली, ती चूक काय होती तेही. वर्षानुवर्षं आलेल्या चिठ्ठ्या बाईंनी एकेक करून उतरवून ठेवल्या होत्या. मी भीत भीत खाली सरकत गेलो. माझं नाव होतं. 'रशीदभाऊ घड्याळजी, वरोरा. पाहुणे काढले. पाहुणे स्वतः पायी जाऊन परत बसवले.' दोन्ही एकाच ओळीत, बाकी लोकांच्या दुरुस्त्यांच्या मधे, जशा इतरांच्या तशी माझीही एक दुरुस्ती. प्रज्ञा पाणी घेऊन आली आणि मी तिला काहीतरी डोळ्यात गेलंय असं सांगितलं. घड्याळजीचं हे एक बरं असतं, लोकांना पटतं.

मग मी यादी पुन्हा वरपासून वाचली, आणि तिसऱ्यांदाही वाचली. बाईंचं नाव त्यात नव्हतं. वरच्या मजकुरातही नव्हतं. 'हे मी माझ्यासाठी केलं' असं होतं, पण हे 'मी' कोण ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. सीडी निघायच्या आधी ते लिहून टाकावं म्हणून मी पहिल्या ओळीवर गेलो, बोटं कळांवर ठेवली... आणि थांबलो. एकदा मी बाईंना न विचारता त्यांच्या ओळींना हात लावला होता. आणि आता विचारायचं तर विचारायचं कुणाला?

फाईल होती तशीच सीडीवर काढून दिली. तिच्यात मी काही लिहिलेलं नाही. लिहायचं ते इथे लिहितो. 'शिधा', 'झाडू', 'साडी' आणि त्यांच्या भावंडांना ज्यांनी जन्म दिला आणि उघड्या हाताने वाटून टाकलं, त्या शालिनी गोमाजी रामटेके, गणिताच्या शिक्षिका, राहणार वरोरा.